बाहुल्याला उत्तर देणारा माणूस

तात्या विंचू जेमतेम माणसाच्या गुडघ्याएवढा. खालचा जबडा वर-खाली होतो, डोळे डावी-उजवीकडे फिरतात, भुवया उचलल्या जातात. बाकी चेहरा थिजलेला. एक सणसणीत लाथ बसली तर खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पडेल, इतकाच त्याचा जीव. तरीही 1993 मध्ये महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला आणि महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीला रात्री एकट्याने मोरीत जायची चोरी झाली. त्या पिढीतले लोक आता चाळिशीत आहेत, कर्जाचे हप्ते फेडतात, मुलांच्या शाळेत पालकसभेला जातात. पण लाकडी जबड्याचा बाहुला अचानक समोर आला तर अजूनही अर्धं पाऊल मागे सरकतात.

गोष्ट बहुतेकांना पाठ आहे. तात्या विंचू हा गुंड. बाबा चमत्कारकडून तो मृत्युंजय मंत्र मिळवतो, आणि इन्स्पेक्टर महेश जाधवच्या गोळीने मरता मरता तो मंत्र म्हणून जवळच्या एका बाहुल्यात शिरतो. तो बाहुला जातो श्रीरंगपूरच्या लक्ष्याकडे, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याकडे. पुन्हा माणूस व्हायचं असेल तर तात्याला लक्ष्याच्याच शरीरात शिरणं भाग आहे. कल्पनेचं मूळ अमेरिकन आहे, 1988 चा ‘चाइल्ड्स प्ले’. त्यात खुनी माणसाचा आत्मा शिरलेला बाहुला अँडी नावाच्या सहा वर्षांच्या मुलाच्या हाती पडतो. पोरगं सांगतं की बाहुला बोलला, आणि मोठी माणसं त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. पोरांना काय, काहीही वाटतं!

मराठी चित्रपटाने इथे जो बदल केला तो मला मूळ चित्रपटापेक्षा जास्त हुशारीचा वाटतो. लक्ष्या लहान नाही, घोडा झालेला आहे, आणि त्याला बोलक्या बाहुल्यांचं वेड आहे. शब्दभ्रमाची कला हाच त्याचा ध्यास. आता ज्या माणसाची सारी हौस बाहुल्यांच्या तोंडून बोलण्याची, त्याने एक दिवस बोंबलत यावं आणि सांगावं की हा बाहुला आपला आपणच बोलतो. कोण ऐकून घेणार? त्याचं कसबच त्याच्या मुळावर येतं. तात्या विंचू हे बरोबर ओळखून आहे. लक्ष्या एकटा सापडला की तो तोंड सोडतो, आणि तिसरं माणूस खोलीत आलं की लाकडाचा ठोकळा होऊन बसतो. लक्ष्याला घाम फुटलेला, आणि बाकीच्यांना वाटतं की ह्याचं डोकं फिरलं.

चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा एक करून बघा. बाहुल्यावरची नजर काढा आणि त्याच्या भोवतालच्या माणसांवर ठेवा. बाहुल्याचा चेहरा सगळ्या प्रसंगांत जवळजवळ तोच असतो. त्याला दुसरा आहेच कुठे? बदलतात ते बेर्डे. त्यांचा आवंढा, त्यांची नजर, दोन पावलं मागे सरकून भिंतीला टेकणं. आपण घाबरतो ते बेर्डे घाबरले म्हणून. पडद्यावरच्या कृत्रिम माणसाला जिवंत करण्याचं काम त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्याशी बोलणारा, त्याला भिणारा, त्याच्यावर चिडणारा दुसरा माणूस करतो, असं माझं म्हणणं आहे. ह्या प्रकरणात तेच तपासून बघायचं आहे.

तात्या विंचूचा बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी. पाध्ये शिक्षणाने अभियंते, घराण्याने शब्दभ्रमकार. वडील यशवंत पाध्ये यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ‘अर्धवटराव’ रंगमंचावर आणला. वडील गेल्यावर 1967 मध्ये रामदास पाध्ये यांनी तो मांडीवर घेतला. पुढे दूरदर्शन आलं आणि अर्धवटराव व त्याची आवडाबाई घराघरात पोचले. आज त्यांचे चिरंजीव सत्यजित पाध्येही बाहुल्या बोलक्या करतात. एकाच बाहुल्याने तीन पिढ्यांशी भांडण चालू ठेवलेलं असं घर जगात फार नसावं.

ह्या कलेची अडचण कुठे आहे ते आरशासमोर लगेच कळतं. ओठ किंचित विलग ठेवून हलवायचे नाहीत असं ठरवलं तर मराठीतली बरीचशी अक्षरं बिनबोभाट निघतात. क, ग, च, ज, त, द, न, ल, स यांना ओठ लागतच नाहीत. घोडं अडतं ते प, फ, ब, भ, म वर. ‘पप्पा, भूक लागली’ हे ओठ न मिटता म्हणून बघा. शब्दभ्रमकार इथे जिभेला ओठाचं काम देतो. जीभ दातांच्या मागे दाबून ‘प’च्या जागी ‘त’च्या जवळचा, ‘ब’च्या जागी ‘द’च्या जवळचा, ‘म’च्या जागी ‘न’च्या जवळचा आवाज काढतो आणि बोलण्याच्या ओघात तो दडवतो. ऐकणारा वाक्याच्या अर्थावरून चुकलेलं अक्षर आपल्या मनाने दुरुस्त करून घेतो आणि आपण दुरुस्ती केली हे त्याला कळतही नाही.

दुसरा भाग आवाजाच्या दिशेचा. जुनी समजूत अशी की शब्दभ्रमकार आवाज ‘फेकतो’. आवाज कुठेही फेकला जात नाही, तो त्याच्याच घशातून आणि तोंडातून येतो. दोन कानांपर्यंत आवाज पोचण्यातला वेळेचा आणि जोराचा बारीक फरक मोजून मेंदू दिशा ठरवतो, पण त्या मोजमापाचा त्याला फारसा भरवसा नसतो. डोळ्यांना एखादं तोंड हलताना दिसलं की मेंदू डोळ्यांचं ऐकतो. 2004 मध्ये डेव्हिड अलाइस आणि डेव्हिड बर या संशोधकांनी दाखवून दिलं की समोरची दृश्य खूण मुद्दाम खूप धूसर केली तर पारडं फिरतं आणि कान वरचढ ठरतात. म्हणजे डोळ्यांचं राज्य कायमचं नाही, ज्याची साक्ष त्या वेळी जास्त स्पष्ट त्याचा शब्द चालतो. चित्रपटगृहात आपण रोज हेच अनुभवतो. आवाज ध्वनिक्षेपकातून येतो, पण आपल्याला तो नायकाच्या ओठांतून आल्यासारखा वाटतो. चित्रपट हा सगळाच्या सगळा शब्दभ्रम आहे म्हणा ना.

पण ओठ न हलवणं आणि दिशेचा चकवा एवढ्यावर अर्धवटराव उभा राहिला नसता. पाध्ये यांचा कार्यक्रम पाहताना त्यांच्या मानेकडे लक्ष द्यावं. बाहुला बोलू लागला की ते त्याच्याकडे वळतात आणि ऐकतात. खरोखर ऐकतात, पुढचं वाक्य आपल्याला माहीतच नाही असं. मग बाहुला आगाऊपणे काहीतरी बोलतो आणि ते ओशाळतात, प्रेक्षकांची क्षमा मागितल्यासारखं हसतात, त्याला दटावतात, तो आणखी चेकाळतो. दटावणारा माणूस इतका खरा असतो की दटावून घेणाराही खरा मानावाच लागतो. नवशिका शब्दभ्रमकार ओठ सांभाळायच्या नादात समोर प्रेक्षकांकडे बघत राहतो आणि त्याच्या मांडीवरचा बाहुला मेलेलाच राहतो.

मराठी रंगभूमीला ही गोष्ट नवी नव्हती. 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करणाऱ्या विष्णुदास भावे यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, आणि त्या जुन्या बाहुल्यांना पुन्हा रंगमंच दाखवला तो रामदास पाध्ये यांनीच. तिकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीची परंपरा पिढ्यानपिढ्या सांभाळली. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी पद्मश्री मिळाली.

आता थोडं आमच्या मुलखाबद्दल. पालघरहून मनोरकडे निघालं की वाटेत सूर्या नदीच्या काठी मासवण लागतं. नव्वदच्या दशकात अशा गावांत नवा चित्रपट यायचा तो कॅसेटमधून. वर्गणी काढायची, टीव्ही-व्हीसीआर भाड्याने आणायचा, अंगणात ताडपत्री अंथरायची आणि एका रात्रीत तीन-तीन चित्रपट उरकायचे. ‘झपाटलेला’ मी असाच पाहिला. तात्या विंचू कपाटामागून सरकू लागला की बायाबापड्या ओरडायच्या, पण कुणाला? ‘अरे मागं बघ, मेल्या, मागं बघ!’ हे सगळं लक्ष्याला उद्देशून. बाहुल्याला उद्देशून कोणी काही बोललेलं मला आठवत नाही. त्याच्याशी बोलायचं काम लक्ष्याकडे सोपवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मात्र एका घरात गंमत दिसली. डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेतून आणलेली बाहुली शोकेसमध्ये पॉलिथिनच्या पिशवीसकट उभी असायची, निळ्या डोळ्यांची, पिशवीला वरून रबर लावलेलं. ती भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. हे काम पोरांनी केलं असेल असं वाटेल, पण फिरवली होती घरातल्या कर्त्या माणसाने, आणि विचारल्यावर त्यांनी विषय बदलला.

याच परिसरात माणसासारखी दिसणारी आणि माणसासारखं काम करणारी बाकी कितीतरी वस्तू आहेत, ज्यांच्याशी कोणी नातं जोडत नाही. नदीकाठच्या भाजीच्या वाफ्यात उभं असलेलं बुजगावणं घ्या. मडक्याचं डोकं, चुन्याने काढलेले डोळे, घरातल्याच कुणाचा तरी जुना सदरा. अंधुक उजेडात तर ते तात्या विंचूपेक्षा कितीतरी पटींनी माणूस दिसतं. पण त्याला कोणी रामराम घालत नाही. पंधरा दिवसांत कावळेही त्याच्या हातावर बसायला लागतात. तसंच यंत्राचं. तारापूरच्या अणुवीज केंद्रातली पहिली दोन संयंत्रं 1969 मध्ये सुरू झाली, आणि अणुउद्योगात किरणोत्सारी पदार्थ हाताळायला जाड काचेपलीकडे यांत्रिक हात वापरतात. अलीकडे माणूस मूठ आवळतो, पलीकडे पोलादी चिमटा आवळला जातो. हात तर हुबेहूब हाताचं काम करतो, पण त्याला कोणी हात जोडत नाही की हात मिळवत नाही. बोईसरच्या एमआयडीसीत दसऱ्याला मशीनला झेंडूची माळ पडते, हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. पूजा मनापासून असते. पण लेथ मशीन काही उलट बोलत नाही आणि कामगाराचीही तशी अपेक्षा नसते. पूजा करणं वेगळं आणि बोलाचाली असणं वेगळं.

ह्या दोन्हींची गाठ पडते ती जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात. होळीनंतरच्या दिवसांत गावोगाव रात्री सोंगं निघतात. गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण, आणि शेवटी देवी आणि महिषासुराची लढाई. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे. जव्हारजवळच्या रामखिंडीत ते बनवणारे कारागीर प्रसिद्ध आहेत. संबळ आणि पिपाणी वाजते, टेंभे पेटतात आणि सोंग नाचत पुढे येतं, मागे जातं, पुन्हा पुढे येतं. मुखवटा माणसाच्या डोक्यापेक्षा मोठा, भडक रंगवलेला, डोळे वटारलेले. खरं दिसण्याचा त्याचा दावाच नाही. आत कोण आहे हे गावाला पक्कं माहीत असतं. चालण्यावरून, पायाच्या भेगांवरून, उजव्या पोटरीवरच्या जुन्या खुणेवरून. तरी बाया पुढे येऊन ओवाळतात, म्हातारे वाकून पाया पडतात. पहाटे मुखवटा उतरला की त्याच माणसाला तेच म्हातारे ‘अरे, तंबाखू आहे का?’ म्हणून हाक मारतात. ह्यात कोणाची फसगत झालेली नाही. सगळ्या गावाने मिळून एका रात्रीपुरतं ठरवलेलं असतं की ह्या सोंगाशी असं वागायचं. शेजारचा वाकला म्हणून आपण वाकतो, आपण वाकलो म्हणून कडेवरचं पोर हात जोडतं.

मराठी माणसाने पडदा पाहिला तो हीच सवय घेऊन. दादासाहेब फाळके यांच्या 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामं साळुंके नावाच्या एकाच नटाने केली होती. हा माणूस मुळात मुंबईतल्या उपाहारगृहात कामाला होता. पडद्यावर राम आला की प्रेक्षक हात जोडायचे, साष्टांग नमस्कार घालायचे, अशा आठवणी सांगितल्या जातात. अंधारात शेजारचा उठला की बसून राहणाऱ्याला चैन पडत नसणार. ह्याच फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा एक छोटा चित्रपटही केला. एकेक चित्र टिपत काड्या पडद्यावर आपल्या आपण हलवून दाखवण्याचा तो खेळ होता.

काडीला काय माणूस मानणार, असं वाटत असेल तर 1944 चा एक प्रयोग सांगतो. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी काही मिनिटांची एक फिल्म तयार केली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक छोटं वर्तुळ आणि दार असलेला एक चौकोन, एवढंच. आकृत्या इकडे-तिकडे सरकतात, दार उघडतं, मिटतं. काय पाहिलंत ते लिहा, असं 34 जणींना सांगितलं. एकीने तेवढं भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकीच्या सगळ्यांनी गोष्ट लिहिली: मोठा त्रिकोण दांडगट आहे, वर्तुळ बिचारं घाबरलंय, छोटा त्रिकोण त्याला वाचवायला धावतो. डोळे नाहीत, तोंड नाही, नाक नाही. पण एक आकृती दुसरीच्या मागे लागली, दुसरी पळाली, आणि पळणाऱ्याकडे पाहून आपण पाठलाग करणाऱ्याला दुष्ट ठरवलं. लक्ष्या आणि तात्या विंचूची आणखी सोपी आवृत्ती.

परदेशी अभिजात चित्रपटांतला माझा सगळ्यात आवडता पुरावा 1935 चा आहे. चार वर्षांआधी जेम्स व्हेल यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये बोरिस कार्लोफ यांनी तो प्रेतांच्या तुकड्यांतून जोडलेला माणूस उभा केला होता. त्यात तळ्याकाठी एक चिमुरडी त्याला भीत नाही, त्याच्या हाती फुलं देते, दोघं ती पाण्यात सोडून तरंगताना बघतात. फुलं संपल्यावर तो तिलाच पाण्यात टाकतो. तीही फुलासारखी तरंगेल एवढाच त्याचा हिशेब. पुढच्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये हा जखमी, हाकलला गेलेला जीव रानातल्या एका झोपडीत शिरतो. आत एक आंधळा म्हातारा व्हायोलिन वाजवत बसलेला असतो. त्याला चेहरा दिसत नाही. पाहुणा आला, बोलत नाही, जखमी आहे, एवढंच त्याला कळतं. तो त्याला भाकर देतो, दारू देतो, सिगार ओढायला शिकवतो, चार शब्द शिकवतो, आणि एकटेपणात मित्र धाडल्याबद्दल देवाचे आभार मानतो. कार्लोफचा चेहरा तोच आहे, ते टाके, तेच मानेतले खिळे, जड पापण्या. पण तेवढी काही मिनिटं आपल्यालाही तो पाहुणाच वाटतो. मग दोन शिकारी दारात येतात, ते डोळस असतात, आणि सगळं मोडतं.

फ्रिट्झ लांग यांच्या 1927 च्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये नेमकं उलट घडतं. तिथे यंत्राला मारिया नावाच्या खऱ्या मुलीचा चेहरा चढवतात (दोन्ही भूमिका ब्रिगिटे हेल्मच्याच), आणि कामगारांचा जमाव त्या खोट्या मारियाच्या मागे जाऊन स्वतःचीच वस्ती बुडवून घेतो. कितीही वेळा पाहिलं तरी मला तो जमाव यंत्रापेक्षा जास्त भयंकर वाटतो. प्रत्येक कामगार शेजारच्याचं बघून मूठ वर करतो.

स्टॅन्ली कुब्रिक यांच्या 1968 च्या ‘2001: अ स्पेस ओडिसी’मधल्या हॅल ह्या संगणकाला चेहराच नाही. एक लाल काचेचा डोळा आणि एक मऊ, समजूतदार आवाज. यानातली माणसं कोरड्या तोंडाने वावरतात, हॅल मात्र विचारपूस करतो, कौतुक करतो, बुद्धिबळ खेळतो, आणि पुढे त्यांचे जीवही घेतो. शेवटी यानातला अंतराळवीर डेव्ह त्याची स्मृती एकेक करून काढू लागतो तेव्हा तो गयावया करतो, भीती वाटते म्हणतो, आणि आवाज जड होत होत ‘डेझी बेल’ हे जुनं गाणं गातो. हे गाणं निवडण्यामागे इतिहास आहे. 1961 मध्ये बेल प्रयोगशाळेत आयबीएमच्या संगणकाने हेच गाणं गाऊन दाखवलं होतं. खुनी यंत्र बंद होतंय तर सुटलो म्हणायला हवं. पण डेव्ह घाईने, जोरजोरात श्वास घेत, त्याच्याकडे न बघता काम उरकतो. वायर काढताना असा श्वास कोणी घेत नाही. त्या श्वासामुळेच आपल्याला कळतं की इथे कुणीतरी मरतंय.

आणि 1977 चा ‘स्टार वॉर्स’. त्यात वाटेत एक दारूचा गुत्ता लागतो, नाना ग्रहांवरचे चित्रविचित्र जीव तिथे पीत बसलेले. नायक ल्यूक आपल्या दोन यंत्रमानवांना घेऊन आत शिरतो तर मालक खेकसतो, असल्यांना इथे थारा नाही. ल्यूक वाद घालत नाही. तो यंत्रमानवांना बाहेर थांबायला सांगतो, आणि सोन्याच्या रंगाचा सी-थ्रीपीओ मुकाट्याने ते मान्य करतो. परदेशी समीक्षक ह्या प्रसंगावरून बहुधा पुढे निघून जातात. ज्या देशात चहाच्या टपरीवर काही माणसांसाठी वेगळी कपबशी बाहेर टांगून ठेवत, तिथल्या प्रेक्षकाला तो प्रसंग असा सहज ओलांडता येत नाही. आता त्या गुत्त्यात मालकाला सी-थ्रीपीओ नुसतं यंत्र वाटत असता तर हाकलायची गरज काय होती? खुर्चीला कोणी बाहेर थांब म्हणत नाही. अपमान करण्यासाठीही समोरच्याला आधी कुणीतरी मानावं लागतं.

चेहऱ्याची बाजू घेणारे लोक जपानी अभियंते मासाहिरो मोरी यांचा दाखला देतील. 1970 च्या एका छोट्या लेखात मोरी यांनी म्हटलं की कृत्रिम वस्तू जसजशी माणसासारखी होत जाते तसतशी ती आवडत जाते, पण अगदी हुबेहूब होण्याच्या थोडं आधी ती एका दरीत कोसळते आणि आपल्याला शिसारी येते. कृत्रिम हाताशी हस्तांदोलन करावं, आणि तो थंड, बिनहाडाचा लागावा, तसं. ही ‘अनकॅनी व्हॅली’ आता सगळ्यांच्या तोंडी आहे. पण त्याच लेखात मोरी यांनी बुनराकु ह्या जपानी बाहुल्यांना दरीच्या पलीकडे, खऱ्या माणसाच्या जवळ जागा दिली आहे, हे कमी जणांना ठाऊक असतं. बुनराकुची बाहुली जवळून फारशी माणसासारखी नसते. एकेका बाहुलीला तीन-तीन माणसं नाचवतात आणि ती प्रेक्षकांना स्पष्ट दिसतात. मुख्य सूत्रधाराचा तर चेहराही उघडा असतो. संवाद म्हणणारा गायक बाजूला बसून घाम गाळतो. काहीच लपवलेलं नाही, आणि प्रेक्षक रडतात. मोरी यांनी बोहाडा पाहिला असता तर आलेखावर त्यालाही जागा दिली असती असं मला वाटतं.

आपल्याकडच्या मोठ्या यंत्रमानव-चित्रपटात, शंकर यांच्या 2010 च्या ‘एंदिरन’मध्ये (हिंदीत ‘रोबोट’), चेहऱ्याचा प्रश्नच उरत नाही, कारण चिट्टीला साक्षात रजनीकांत यांचा चेहरा आहे. तरी तो माणसांत बसत नाही. आग लागलेल्या इमारतीतून तो लोकांना काढतो, आंघोळ करत असलेल्या एका मुलीलाही तशीच उचलून बाहेर आणतो. बाहेर गर्दी, कॅमेरे. ती अब्रूच्या धास्तीने धावत सुटते आणि वाहनाखाली येते. चिट्टीने जीव वाचवला होता, पण चार लोकांच्या नजरा म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. सगळ्या मारामाऱ्यांपेक्षा हा प्रसंग मला अधिक विचार करून लिहिलेला वाटतो.

चित्रपटातली गोष्ट पडद्याबाहेर आली ती 1966 मध्ये. एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. तुम्ही टाइप कराल त्याच वाक्याची उलटापालट करून तो प्रश्न विचारायचा, मानसोपचारतज्ज्ञासारखा. आत समज अशी काहीच नव्हती, आणि ते काम महिनोन्‌महिने जवळून बघणाऱ्या त्यांच्या सेक्रेटरीला हे माहीत होतं. तरी थोडं बोलणं झाल्यावर तिने वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जायची विनंती केली. पुढे बायरन रीव्ह्ज आणि क्लिफर्ड नॅस यांनी स्टॅनफर्डमध्ये केलेल्या प्रयोगांवर 1996 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातला एक प्रयोग मजेचा आहे. संगणकाने कसं काम केलं हे त्याच संगणकावर विचारलं तर लोक जास्त चांगलं मत देतात, आणि शेजारच्या दुसऱ्या संगणकावर विचारलं तर जरा मोकळं बोलतात. तोंडावर वाईट कसं बोलायचं! आणि हेच लोक शपथेवर सांगायचे की छे, आम्ही कशाला मशीनची भीड ठेवू.

बोईसर-पालघरच्या गाड्या आता फोनवरचा नकाशा लावून धावतात. मनोरमार्गे महामार्गाला लागायचं असतं, आणि नकाशातली बाई भलत्याच गल्लीत वळायला सांगते. शेजारी कोणी बसलेलं असेल तर ड्रायव्हर तिच्याशी तावातावाने भांडतो: ‘ए बाई, तुला इथलं काय कळतं? माझा जन्म गेला ह्या रस्त्यावर!’ मागच्या सीटवरचे हसतात, कोणी तिची बाजू घेतं, कोणी म्हणतं, ऐक तिचं, मागच्या वेळी तीच बरोबर होती. एका ड्रायव्हरला मी विचारलं, परतताना गाडी रिकामी असते तेव्हाही भांडता का? तो म्हणाला, ‘एकटा असलो की आवाज बंदच करून टाकतो. कोण बोलत बसणार तिच्याशी?’